आवाज एकीकडे, दोष दुसरीकडे

‘गाडीच्या खालून आवाज येतोय’ ही तक्रार लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या गॅरेजवाल्यांना नवी नाही. सोयाबीनची सुगी उरकली की ती जरा जास्तच ऐकू येते, कारण पावसाळाभर चिखल तुडवलेल्या आणि सुगीत माल वाहिलेल्या गाड्या तेव्हाच दुरुस्तीला निघतात. बोलेरो असो, थार असो की जुनी जीप, पुढचा क्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. मिस्त्री एक चक्कर मारून येतो आणि शॉकअप गेलेत असे सांगतो. नवे शॉकअप बसतात, पैसे चुकते होतात आणि थोड्याच दिवसांत तोच आवाज पुन्हा सुरू होतो. मग लिंक बदलली जाते, त्यानंतर बुश, त्यानंतर आणखी काही. शेवटी आवाज थांबला तरी तो नेमका कशामुळे थांबला, हे मालकालाही कळत नाही आणि मिस्त्रीलाही.

वरवर पाहता हा गाडीमालकाच्या डोकेदुखीचा विषय वाटतो. पण सस्पेन्शन, म्हणजे चाके आणि गाडीचा सांगाडा यांना जोडून ठेवणारी लवचीक रचना, ही ब्रेक आणि स्टिअरिंगइतकीच सुरक्षिततेशी निगडित आहे. तिच्यातून येणारे काही आवाज वर्षानुवर्षे राहिले तरी काही बिघडत नाही. काही आवाज मात्र चाक निखळण्याच्या आधीची सूचना असतात. दोन्ही आवाज गाडीत बसलेल्याला जवळजवळ सारखेच ऐकू येऊ शकतात, आणि खरी अडचण तिथे आहे.

सुरुवात रस्त्यापासून करावी लागेल. नागपूर–तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे क्रमांक ३६१, औशावरून जातो आणि त्यावर गाडी सुरळीत पळते. महामार्ग सोडून भादा, मातोळा किंवा किल्लारीकडच्या आतल्या गावांत शिरले की चित्र पालटते. इथली बरीचशी जमीन काळी आहे. बेसाल्ट खडक झिजून बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. त्यामुळे उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, पावसात तीच जमीन फुगून वर येते, आणि तिच्यावर बांधलेला रस्ता दर वर्षी थोडा थोडा हलतो. वरचे डांबर चांगले असले तरी खालचा पाया जागेवर राहत नाही, म्हणून रस्ता लाटांसारखा उंचसखल होतो.

शेतात जाणाऱ्या पाणंद रस्त्यांचे हाल याहून जास्त. पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात. किल्लारी परिसरात या त्रासात आणखी एका गोष्टीची भर पडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गावे नव्या जागी वसली, पण शेते काही हलली नाहीत. त्यामुळे अनेकांच्या घर आणि शेत यांच्यामधली कच्ची वाट लांबली. ज्याला रोज अशा वाटेने जायचे आहे, त्याला उंच आणि दणकट गाडी हौसेसाठी लागत नाही, ती कामासाठी लागते.

मुरमाच्या रस्त्यावर आडव्या बारीक लाटा उठतात, त्यांचे गणित पाहण्यासारखे आहे. कोणत्याही गाडीत दोन वेगळ्या हालचाली चालू असतात. गाडीचा वरचा भाग स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दोन वेळा वरखाली होतो. चाक आणि त्याला जोडलेले जड भाग मात्र त्याहून खूप वेगाने, सेकंदाला सुमारे दहा ते पंधरा वेळा थरथरू शकतात. ताशी ३० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटरहून थोडे अधिक. रस्त्यावरच्या दोन लाटांमध्ये पाऊण मीटर अंतर धरले, तर चाकाला सेकंदाला अकरा धक्के बसतात. म्हणजे रस्ता चाकाला नेमका त्याच गतीने हलवतो, ज्या गतीने थरथरायला ते आधीच तयार असते. सस्पेन्शनमधला प्रत्येक सैल सांधा अशा वेळी बोलू लागतो. महामार्गावर गप्प असलेली गाडी मुरमाच्या रस्त्यावर खडखडते, याचे बरेचसे उत्तर या हिशेबात आहे.

गतिरोधकही यात भर घालतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी त्यावरून सहज जाते. गावोगावी दिसणारे गतिरोधक याहून कितीतरी अरुंद आणि टोकदार असतात. त्यांच्यावर चाक चढत नाही, आदळते.

आता गाडीच्या खाली पाहू. जुन्या जीपला चारही चाकांना पाटे असत, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, ती याच घडणीची. रचना ओबडधोबड, पण सांधे मोजके. पुढे बोलेरोमध्ये समोर कॉइल स्प्रिंग, म्हणजे वेटोळ्याची स्प्रिंग आली आणि मागे पाटे राहिले. २०१० च्या थारच्या काही प्रकारांत समोर टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारी दांडी होती आणि मागे पाटे. २०२० च्या थारमध्ये चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आल्या. समोर डबल विशबोन, म्हणजे वर एक आणि खाली एक अशा दोन तिकोनी भुजा, आणि मागे अखंड अॅक्सल सांभाळणाऱ्या अनेक दांड्या अशी तिची रचना आहे.

या बदलाने गाडी बसायला सुखाची झाली आणि रस्त्यावर जास्त स्थिर झाली. त्याबरोबर सांध्यांची संख्याही वाढली. प्रत्येक दांडीच्या दोन टोकांना रबरी बुश असतो, म्हणजे आतली नळी आणि बाहेरचे कवच यांच्यामध्ये बसवलेले रबर; भुजांच्या टोकाला बॉल जॉइंट असतो, म्हणजे कोणत्याही दिशेला फिरणारा गोळ्याचा सांधा. गाडीला वळणावर कलण्यापासून आवरणाऱ्या स्टॅबिलायझर बारला दोन्ही बाजूंना लिंक असतात. शॉकअपला वर-खाली रबरी टेकू असतात. शिवाय वरची बॉडी चेसिसवर, म्हणजे खालच्या पोलादी सांगाड्यावर, रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेली असते. आवाजाला यांतली कोणतीही जागा पुरते.

अभियंते अशा आवाजांचे ढोबळ दोन वर्ग करतात. एक घर्षणाचा, दुसरा आपटण्याचा. घर्षणाचा आवाज कुरकुरतो किंवा करकरतो. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, ताण वाढला की झटकन सरकतात, पुन्हा चिकटतात, आणि हे इतक्या भराभर घडते की त्याचा सलग आवाज होतो. तेल संपलेली दाराची बिजागरी करकरते ती याच कारणाने. आपटण्याचा आवाज टकटक किंवा खडखड असा तुटक येतो. दोन भागांमध्ये मोकळी फट पडली आहे आणि ते एकमेकांवर आदळत आहेत, असा त्याचा अर्थ. पहिल्या प्रकारात बहुधा रबर कोरडे किंवा कडक झालेले असते. दुसऱ्या प्रकारात काहीतरी झिजलेले, फाटलेले किंवा सैल झालेले असते. तपास करताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, की आवाज कुरकुरीचा आहे की ठोक्याचा. पण तक्रार नोंदवताना बहुतेक ठिकाणी नुसते ‘आवाज’ एवढेच लिहिले जाते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि ती फारशी कोणी समजावून सांगत नाही. आवाज जिथे ऐकू येतो तिथे तो जन्मलेला असतोच असे नाही. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पोलादातून सुमारे ५,००० मीटर. समोरच्या डाव्या चाकाशी झालेला ठोका चेसिसमधून तीन मीटर मागे पोहोचायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. आपला मेंदू आवाजाची दिशा ओळखतो तो दोन कानांपर्यंत आवाज पोहोचण्यातल्या सूक्ष्म फरकावरून, आणि हा फरकसुद्धा सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमीच असतो. म्हणजे गाडीचा सगळा सांगाडा जवळपास एकाच वेळी बोलतो आणि जिथला पत्रा पातळ असेल तिथून आवाज मोठा येतो. डॅशबोर्डमागे ऐकू येणारी टकटक खालच्या भुजेची असू शकते. मागच्या सीटखालची खडखड मागच्या दारावर टांगलेल्या स्टेपनीची असू शकते. अनुभवी कानही इथे फसतात, आणि त्यात मिस्त्रीचा कमीपणा नाही.

मग संशय नेहमी शॉकअपवरच का जातो? तो सहज दिसतो, सहज निघतो आणि त्याचे नाव मालकालाही ठाऊक असते. शॉकअपचे काम स्प्रिंगची उसळी जिरवण्याचे आहे. तो निकामी झाला की गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा हेलकावते, त्यातून तेल गळते, टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजतो. यांतले एकही लक्षण नसताना केवळ टकटक ऐकून शॉकअप बदलणे म्हणजे अंदाजावर पैसे लावणे होय. अनेकदा दोष शॉकअपच्या वरच्या टेकूच्या रबरात असतो. नवा शॉकअप जुन्याच रबरावर बसवला की आवाज तसाच राहतो. कधी याउलट घडते. नव्याबरोबर नवे रबरही बसते, आवाज थांबतो आणि श्रेय शॉकअपला मिळते.

योग्य तपास कसा होतो, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, लामजन्याकडून एक गाडी आली आहे. समोर डबल विशबोन, स्टॅबिलायझर बार, पाच-सहा वर्षे वापरलेली. कमी वेगात, खराब रस्त्यावर समोरून डावीकडून, डॅशबोर्डमधून आल्यासारखी टकटक येते. महामार्गावर काही नाही. शॉकअप एकदा बदलून झाले आहेत.

पहिले काम गाडी रिकामी करण्याचे. जॅक, टॉमी, पाने, पाण्याचा कॅन, सीटखाली राहिलेली फवारणीची बाटली, सगळे बाहेर काढायचे. मागच्या दारावर स्टेपनी असेल तर तिचे नट आणि दाराच्या कडेचे रबर हाताने दाबून पाहायचे. हे काम हलके समजले जाते, पण हे न करता पुढे गेलेला तपास कितीतरी वेळा वाया जातो.

दुसरे काम प्रश्न विचारण्याचे. आवाज सकाळी गार असताना येतो की दुपारी? पाऊस पडल्यावर थांबतो का? ब्रेक दाबल्यावर वाढतो का? गिअर टाकून क्लच सोडताना एकच ठोका येतो का? प्रत्येक उत्तराला अर्थ आहे. पावसात थांबणारा आवाज घर्षणाचा असतो, कारण पाणी रबराला तात्पुरते वंगण देते. ब्रेकवर येणारा ठोका भुजेच्या बुशकडे बोट दाखवतो, कारण ब्रेक लागताच चाक मागे ओढले जाते आणि तो ताण बुशवर येतो. क्लच सोडताना येणारा ठोका बहुधा सस्पेन्शनचा नसतोच. तो प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची शक्ती चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या, जॉइंट क्रॉसचा असतो.

त्यानंतर गाडी फिरवून पाहायची, आणि चालवायला मालकालाच बसवायचे. मिस्त्रीचे दोन्ही हात आणि लक्ष मोकळे हवे. रस्त्याचा एकच तुकडा ठरवून प्रत्येक चाचणी त्याच तुकड्यावर, त्याच वेगाने घ्यायची. तुकडा बदलला की तुलनाच उरत नाही.

इथे गावातला गतिरोधकच उपकरण म्हणून कामी येतो. एकदा त्यावरून सरळ जायचे, म्हणजे समोरची दोन्ही चाके एकदम चढतील. मग तिरके जायचे, म्हणजे एक चाक आधी चढेल. स्टॅबिलायझर बार दोन चाकांच्या हालचालीत फरक पडला तरच काम करतो. दोन्ही चाके बरोबरीने वर गेली तर तो नुसता फिरतो, त्याच्या लिंकवर फारसा ताण येत नाही. म्हणून सरळ जाताना शांत आणि तिरके जाताना टकटक असेल, तर संशय लिंककडे. दोन्ही वेळा टकटक येत असेल, तर शोध पुढे चालू ठेवायचा. या चाचणीला एक रुपयाही खर्च येत नाही.

समजा, आपल्या गाडीत दोन्ही वेळा आवाज आला. तरी खात्रीसाठी दोन्ही बाजूंच्या लिंक सोडून, बार वर बांधून, गाडी अगदी हळू त्याच तुकड्यावरून नेता येते. लिंक नसताना गाडी वळणावर जास्त कलते, त्यामुळे हे फक्त मोकळ्या जागी आणि चालण्याच्या वेगाने करायचे आणि लगेच लिंक परत जोडायच्या. आवाज तसाच राहिला, म्हणजे लिंक निर्दोष ठरल्या. एखादा भाग काढल्यावरही आवाज येत असेल तर तो आवाज त्या भागाचा असू शकत नाही, हे तपासातले सर्वांत भक्कम सूत्र आहे. नवा भाग बसवून पाहण्यापेक्षा जुना भाग काढून पाहणे स्वस्त पडते आणि अधिक पक्केही असते.

पुढची पायरी बॉल जॉइंटची, आणि इथे एक चूक सर्रास होते. गाडी चेसिसखाली जॅक लावून उचलली की चाक लोंबकळते आणि स्प्रिंगचा दाब सांध्यांवर तसाच राहतो. त्या दाबाखाली झिजलेला बॉल जॉइंटसुद्धा घट्ट लागतो आणि ‘ठीक आहे’ म्हणून सुटतो. स्प्रिंग खालच्या भुजेवर बसलेली असेल, तर जॅक त्या भुजेखाली लावावा लागतो. मग सांध्यावरचा भार उतरतो, टायरखाली टॉमी घालून वर उचलले की खरी ढिलाई हाताला लागते. या सगळ्या वेळी गाडी केवळ जॅकवर ठेवायची नाही, खाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, लावायचीच.

गाडी जमिनीवर असताना हात हे आणखी एक साधन. एकाने बंपर दाबून गाडी हलवायची आणि दुसऱ्याने बोटे चेमटणार नाहीत अशी काळजी घेऊन एकेका सांध्यावर हात ठेवायचा. कान फसतात तिथे बोटे फसत नाहीत, कारण ठोका जिथे जन्मतो तिथे तो हाताला सर्वांत तीव्र जाणवतो. आवाज कुरकुरीचा असेल तर एकेका बुशवर पाण्याचा फवारा मारून गाडी हलवायची. ज्या फवाऱ्यानंतर कुरकुर थांबली, तो बुश दोषी. हेच काम अधिक नेमके करणारे चेसिस इअर नावाचे उपकरण मिळते. त्यातले छोटे मायक्रोफोन चिमट्यांनी वेगवेगळ्या भागांना लावायचे आणि गाडी चालू असताना एकेक ऐकायचा. कंपन्यांच्या प्रयोगशाळांत तर चारही चाके स्वतंत्र हलवणाऱ्या यंत्रावर गाडी उभी करून आवाज शोधतात. पण त्या यंत्रामागचा विचार आणि पाण्याच्या फवाऱ्यामागचा विचार एकच आहे.

आपल्या उदाहरणातल्या गाडीत दोष सापडला तो खालच्या भुजेच्या मागच्या बुशमध्ये. रबर एका बाजूने फाटले होते आणि आतली पोलादी नळी बाहेरच्या कवचावर आपटत होती. ही भुजा चेसिसला जिथे जोडलेली आहे, त्याच्या जरा वर पायाकडचा पत्रा आहे, म्हणून आवाज डॅशबोर्डमधून आल्यासारखा वाटत होता.

बुश बदलला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. अशा अनेक बुशमध्ये रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कवचाला घट्ट चिकटवलेले असते. आत काही फिरत नाही, भुजा वरखाली होते तेव्हा रबरच पीळ घेते. गाडी जॅकवर असताना, चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर त्या लोंबकळत्या अवस्थेत रबर सरळ राहते. गाडी खाली उतरवली की ते कायमचे पिळलेल्या अवस्थेत जाते, आणि नवा कोरा बुश फार लवकर फाटतो. बोल्ट हाताने लावून, गाडी चाकांवर उतरवून, तिच्या नेहमीच्या उंचीवर आल्यावर तो पक्का आवळायचा असतो. ‘बुश टाकला, पण टिकला नाही’ या तक्रारीत दरवेळी मालच खोटा असतो असे नाही. कितीदा तरी बोल्ट चुकीच्या वेळी आवळलेला असतो.

पाट्यांच्या गाड्यांचे शास्त्र थोडे निराळे. पट्ट्या एकमेकींवर घासतातच, त्यामुळे थोडी कुरकुर स्वाभाविक आहे. ती बंद करण्यासाठी पाट्यांना जुने इंजिन ऑइल किंवा डिझेल मारायची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. आवाज काही दिवस थांबतो. पण तेलावर धूळ बसते आणि ती पट्ट्यांमध्ये पॉलिश कागदासारखी काम करते. शिवाय तेल शॅकलच्या, म्हणजे पाट्याच्या झुलत्या टोकाच्या, रबरी बुशवर ओघळते आणि रबर फुगून मऊ पडते. कुरकुरीवर उपाय करताना ठोका जन्माला घातला जातो. त्यापेक्षा पावसाळ्यानंतर शॅकलमध्ये अडकून वाळलेली काळी माती पाण्याच्या जोराने नीट धुऊन काढणे आणि जिथे ग्रीस निपल आहे तिथे ग्रीस देणे, हे कितीतरी गुणाचे.

पाट्यांमध्ये खरे लक्ष द्यायला हवे ते यू-बोल्ट आणि मधल्या सेंटर बोल्टकडे. यू-बोल्ट पाटा आणि अॅक्सल यांना आवळून धरतात. ते सैल झाले की सगळा ताण सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की अॅक्सल एका बाजूने मागे सरकते आणि गाडी तिरकी चालू लागते. हे ओळखायला टेप पुरतो. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतले अंतर दोन्ही बाजूंनी मोजायचे. डावी-उजवीकडे ठळक फरक आला तर गाडी रस्त्यावर न नेता तिथेच थांबवायची. पाट्याचे काम केल्यावर काही दिवसांच्या वापरानंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावे लागतात. मालक त्यासाठी परत येत नाही आणि त्याला बोलावलेही जात नाही.

गाडी थांबवायलाच हवी असे आणखी दोन आवाज आहेत. वळताना ठोका येतो आणि स्टिअरिंगही सैल लागते, तो पहिला. हा बॉल जॉइंटचा किंवा टाय रॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीच्या, टोकाचा असू शकतो, आणि तो सांधा निखळला तर चाक हाताबाहेर जाते. चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाढणारा आणि वेग कमी केल्यावर मंदावणारा ठोका किंवा घरघर हा दुसरा. सैल झालेले चाकाचे नट किंवा गेलेले बेअरिंग असा आवाज देतात. याउलट सायलेन्सरवरचा पत्रा, सीटबेल्टचे बक्कल, सैल नंबर प्लेट यांचे आवाज त्रासदायक असले तरी निरुपद्रवी असतात.

हौसेने केलेल्या बदलांचाही इथे उल्लेख करायला हवा. गाडी उंच करणारे सुटे भाग आणि मोठे टायर बसवलेल्या गाड्या आता तालुक्याच्या गावांतही दिसतात. उंची वाढली की भुजा, लिंक आणि प्रोपेलर शाफ्ट यांचे कोन बदलतात. सांधे ज्या मर्यादेत फिरण्यासाठी बनवले आहेत त्या मर्यादेच्या टोकाशी ते कायम राहतात आणि लवकर झिजतात. कायद्याचा प्रश्न वेगळाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. अशा गाडीचा आवाज शोधायचा तर पहिली चाचणी ती मूळ उंचीवर आणण्याचीच असायला हवी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वर सांगितलेल्या चाचण्यांत अवघड असे काही नाही. मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आयटीआयचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या कोणत्याही मुलाला त्या जमतील. तरी त्या होत नाहीत, याचे कारण ज्ञानाच्या अभावापेक्षा पैशाच्या व्यवहारात जास्त दडलेले आहे. आपल्याकडे मजुरी भाग बदलण्याची मिळते, शोधण्याची मिळत नाही. मिस्त्रीने अर्धा दिवस गाडीखाली घालवला, लिंक सोडल्या, जोडल्या, फवारे मारले, आणि शेवटी एक सैल नट आवळून दिला, तर मालक विचारतो, ‘नट आवळायचे एवढे पैसे?’ तोच मिस्त्री पाच मिनिटांत शॉकअपची जोडी बदलायचे ठरवतो, तर भागाच्या किमतीत त्याचा वाटा असतो, मजुरी मिळते आणि मालकही हातात नवी वस्तू पाहून समाधानाने पैसे देतो. चुकीच्या निदानाला मोबदला आणि बरोबर निदानाला घासाघीस, अशा व्यवहारात अंदाजाने भाग बदलणेच फोफावणार. दोष एकट्या गॅरेजवाल्याच्या माथी मारणे म्हणूनच अन्यायाचे होईल. मोठ्या शहरांतल्या चकचकीत सेवा केंद्रांतही हिशेब फारसा वेगळा नाही.

दुसरी अडचण माहितीची. कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा, कोणता बुश कोणत्या दिशेने बसवायचा, हे कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेत असते आणि ती पुस्तिका औशातल्या स्वतंत्र मिस्त्रीच्या हाती क्वचितच पडते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले आणि त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांबरोबर वाहनांचाही समावेश केला. दिशा योग्य आहे. पण आवळण्याचे आकडे आणि आकृत्या मराठीत, फोनवर सहज मिळतील अशा रूपात कंपन्यांनी दिल्याशिवाय या हक्काचा तालुक्याच्या गॅरेजला काही उपयोग नाही.

तिसरी गोष्ट सामूहिक आहे. एकाच घडणीच्या अनेक गाड्यांत एकाच ठिकाणाहून तोच आवाज येऊ लागला, तर तो वापराचा दोष नसून घडणीचा दोष असू शकतो. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सात वर्षांच्या आतल्या वाहनांत सुरक्षेला बाधक दोष आढळला आणि तक्रारींची ठरावीक संख्या गाठली गेली, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलावून दुरुस्त करायला लावू शकते. पण त्यासाठी तक्रारी नोंदवल्या गेल्या पाहिजेत. गाव-तालुक्यातल्या मालकांची तक्रार गॅरेजच्या उंबऱ्यावरच संपत असेल, तर आपल्या रस्त्यांवर उघडे पडणारे दोष कुणाच्याच हिशेबात येणार नाहीत. दुरुस्तीतल्या हलगर्जीपणाविरुद्ध लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही लागत नाही. मात्र तिथे जायला बिल हवे, आणि बिल न घेण्याची आपली सवय जुनी आहे.

आमचे मत असे, की निदान आणि दुरुस्ती ही दोन वेगळी कामे मानून त्यांचे दोन वेगळे दर ठरले पाहिजेत. गॅरेजचालकांनी आपल्या फलकावर तपासणीची मजुरी स्वतंत्र लिहावी आणि ती मागताना संकोच करू नये. तपासणीत काही सापडले नाही तरी ती द्यावी लागेल, हे मालकानेही आधी मान्य करावे. तालुक्याच्या आयटीआयमध्ये चेसिस इअरचा एक संच असावा आणि आवाज शोधणे हा मोटार मेकॅनिकच्या प्रात्यक्षिकाचा नेहमीचा भाग व्हावा. यासाठी लागणारा खर्च, अंदाजाने बदललेल्या आणि भंगारात गेलेल्या चांगल्या शॉकअपच्या किमतीपुढे किरकोळ ठरेल.

आणि ज्यांच्या गाडीतून सध्या आवाज येत आहे त्यांना एवढेच सांगणे, की गॅरेजमध्ये जाण्याआधी गाडी रिकामी करा आणि आवाज केव्हा, कोणत्या रस्त्यावर, किती वेगात येतो ते कागदावर लिहून न्या. शोधण्याचे पैसे आधी ठरवा. कोणता भाग का बदलला हे बिलावर लिहून घ्या आणि काढलेला जुना भाग परत मागून तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. स्टिअरिंग सैल लागत असेल तर मात्र वाट पाहू नका, गाडी आजच उभी करा.